मानेची खाच

२९ जानेवारी, गुरुवार

सत्यानाश! इतक्या दिवसांचं काम एका झटक्यात मातीत.

सगळं नीट चाललं होतं. गिटारचं धड कापून, घासून तयार. अस्सल जुना साग — किशनरावांनी माळवद उतरवून स्लॅब टाकला, वास्तुशांतीला गुरुजी म्हणून मीच गेलो होतो, तेव्हा त्यांच्याकडून मागून घेतलेलं लाकूड. आज फक्त मानेची खाच पाडायची राहिली होती. परभणीच्या ऑर्केस्ट्रावाल्याकडून आणलेली मान ह्या खाचेत बसणार आणि मागून स्क्रूनं आवळायची. खाच सैल झाली की मान हलते. मान हलली की सूर हलतो. म्हणजे सगळा जीव त्या खाचेत!

राऊटर, म्हणजे लाकडात खाच पाडायचं मशीन, अंगात आल्यासारखा फिरतो. दोन्ही हातांनी दाबून धरावा लागतो. अर्धी खाच झाली आणि खिशात फोन थरथरायला लागला. थांबला. पुन्हा थरथरला. पुन्हा! आणि मी मूर्खासारखा एक हात सोडला. मशीन बाजूला उडालं आणि खाचेची डावी भिंत खाऊन गेलं. करंगळी जाईल एवढी फट. तीही तिरकी.

फोन बोरीच्या काकांचा. "अवधूत, अरे उचलत का नाहीस? रविवारी परभणीचे पाहुणे यायलेत. मुलगी बी. फार्म. आहे. बसस्टँडजवळच्या मेडिकलमध्ये नोकरीला. नाव वैदेही. जरा नीट राहा!"

मी म्हणालो, बरं. दुसरं काय म्हणणार? तोंडात भुसा गेला होता.

३० जानेवारी, शुक्रवार

देवगाव फाट्याला सत्यनारायण. संकल्प सांगताना यजमानांचं गोत्रच आठवेना. डोळ्यासमोर ती फट.

आल्यावर धड घेऊन चंद्रभान सुताराच्या दुकानात गेलो. राऊटर त्याचाच आहे. तो दारं आणि दिवाण करतो, गिटारचं त्याला काय! धडाकडं नीट बघितलंही नाही. "भुसा आन् गम कालवून भरा महाराज. वरून पॉलिश मारा. कुनाच्या बापाला कळत न्हाई."

पटलं नाही. पण दुसरं सुचंना. आणि थांबवत तर बिल्कुल नव्हतं.

३१ जानेवारी, शनिवार

भरली फट. भरण्याआधी आतली फाटकी कड पटाशीनं साफ करायला गेलो आणि अंगठ्यावर घेतली. चांगलीच आत गेली. आई हळद घेऊन पळत आली. "उद्या पाहुणे आणि आज हे!"

अण्णा दारात उभे राहिले. त्यांचा घसा सकाळच्या पूजेनंतर बसतोच, त्यामुळं हळूच बोलतात. पण ते हळू बोलणं ओरडण्यापेक्षा वाईट.

"हे धूड उद्या कुणाच्या नजरेला पडायला नको. आणि त्याचं नावही काढायचं नाही."

 कारण मला माहीत होतं. सेलूच्या पाहुण्यांनी मागच्या वर्षी छंद विचारला होता. मी खरं सांगितलं तर तो माणूस मांडीवर थाप मारून हसला — "गुरुजी आणि गिटार!" — आणि आठवड्यानं नकार. त्याआधीचे नकार वेगळे. मुलगा वालूरसारख्या गावात राहतो. भिक्षुकी करतो. मुलीला करमणार नाही. बी. कॉम. झाला असून नोकरी का धरली नाही. आता मला नकाराची भाषा फोनवरच्या पहिल्या "हॅलो"तच कळते.

अण्णांनी ते धड स्वतः उचलून कडब्याच्या खोलीत नेलं. वर पोतं टाकलं.

१ फेब्रुवारी, रविवार

आले आणि गेले.

हल्ली मुलीकडचेच आधी येऊन घर बघतात. पोहे करायचे मुलाच्या आईनं! आईनं दोनदा केले, पहिले गचका झाले म्हणून. मुलीचे वडील दिनकरराव, कचेरीत हेडक्लार्क, मोजून बोलणारे. मुलीच्या आईनं न्हाणीघर पाहिलं, नळ सोडून पाहिला, मग मोबाइल वर धरून रेंज पाहिली. सगळ्याला हं, हं.

अण्णा छान बोलत होते. घराणं, पाठांतर, आजूबाजूच्या गावांत असलेला मान. आणि मग म्हणाले, "मुलाला सुपारीचं खांड माहीत नाही. कसला म्हणजे कसला नाद नाही."

मी पाटाकडं बघत बसलो.

"दोघं जरा बोलून घ्या" म्हणून गच्चीवर पाठवलं. ती कठड्याला टेकून उभी. खाली ज्वारीचं रान, त्याकडं बघायली. मला वाटलं, पगार विचारेल. म्हणाली, "अंगठ्याला काय झालं?"

"नारळ फोडताना लागलं."

"नारळानं असं सरळ कापत नाही." लगेच! डोळा न लववता! "हे धारेचं आहे. टिटॅनसचं इंजेक्शन घेतलं का?"

मी काहीतरी बोलणार तेवढ्यात तिची आई जिना चढून आली. झालं. निघाले.

पहिलंच वाक्य बोललो तिच्याशी, तेही खोटं. आणि ते जागेवरच पकडलं तिनं!

३ फेब्रुवारी, मंगळवार

फोन नाही. इंजेक्शन घेऊन आलो.

५ फेब्रुवारी, गुरुवार

भरलेलं वाळलं होतं. वरून घासलं तर खरंच दिसंना. चंद्रभान बरोबर होता की काय! उरलेली खाच पाडली, मान बसवली, स्क्रू आवळले, एक जाड तार चढवून ताणली.

टक्क.

सगळं भरण ढेकळासारखं निघून खाली पडलं. मान एका अंगाला कलली, तार पट्टीवरून खाली घसरली. त्या भुशाला धरायला होतंच काय? नुसतं बुजवलं होतं मी. भिंत नव्हतीच ती.

पोत्यात घालून कोपऱ्यात लोटलं. पुन्हा काढलं. पुन्हा लोटलं. दुपारभर हेच.

७ फेब्रुवारी, शनिवार

अण्णांशी वाजलं.

ते पूजेची भांडी पुसत होते. मी विचारलं, "कसला नाद नाही असं का सांगितलंत?"

"मग काय सांगू? मुलगा लाकडं घासत बसतो म्हणून सांगू?"

"हो. तेच सांगायचं."

"आणि मग? ते उठून गेले असते."

"गेले असते तर गेले असते! उद्या होकार आला तर तो कुणाला आलेला असणार अण्णा? मला का त्या नाद नसलेल्याला?"

त्यांनी ताम्हण इतक्या जोरात पुसलं की हातातून निसटून घरभर घणघणलं. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, दोघांकडं बघून परत आत गेली.

 मला एका जागी बसवेना. तिला खरं सांगायला पाहिजे. नकार येऊ दे, पण खरं ऐकून येऊ दे.

९ फेब्रुवारी, सोमवार

परभणीला जाऊन आलो. आईला सांगितलं, तारा आणायच्यात. धड पोत्यात घालून एसटीत मांडीवर. शेजारचा म्हातारा विचारतो, "तुळशी वृंदावन हाय का?" मी म्हणालो, हो. (पुन्हा खोटं!)

मेडिकलसमोर बराच वेळ नुसता उभा. मग रांगेत शिरलो. पांढऱ्या ॲप्रनमध्ये ती वेगळीच दिसते, मोठी, कामातली. चिठ्ठी घ्यायला हात पुढं केला, मग तोंडाकडं बघितलं. हात तिथंच राहिला.

मी म्हणालो, "बँडेज."

"कशाला? नारळाला?"

मागचे दोघे हसले. त्यांना काय कळलं होतं देव जाणे.  मी पोतं काउंटरवर ठेवलं आणि तोंड खाली ओढलं.

"हे करताना लागलं. पटाशीनं. तुम्हाला खोटं सांगितलं होतं. मी इलेक्ट्रिक गिटार करायलोय."

तिनं धडावरून हात फिरवला. मग नेमकं त्या फटीत बोट घातलं. "हे असंच असतं?"

"नाही. चुकलंय. तुम्ही येणार असा फोन आला आणि हात हलला."

"म्हणजे आमच्यामुळं?"

"नाही, नाही! माझ्यामुळं. मशीन चालू असताना हात सोडायचा नसतो."

"दुरुस्त होईल?"

"माहीत नाही. एकदा केलं, ते निघून पडलं."

"तुमचे वडील तर म्हणाले, कसलाच नाद नाही."

"अण्णा घाबरतात."

"कशाला?"

"तुम्ही नाही म्हणाल म्हणून."

तेव्हा तिनं सरळ माझ्याकडं बघितलं. मागून एक बाई म्हणाल्या, "अगं ताई, माझ्या शुगरच्या गोळ्या दे की आधी." ती वळली, फळीवरून डबी काढायला लागली. आणि पाठ करूनच म्हणाली, "मी अजून काहीच म्हणाले नाहीये."

बँडेज पुढं सरकवलं. पुढचा माणूस आत घुसला. मी बाहेर.

तारा आणायच्या राहून गेल्या!

१० फेब्रुवारी, मंगळवार

"अजून काहीच म्हणाले नाहीये." म्हणजे काय? पूजेत दोनदा घंटी चुकीच्या जागी वाजवली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

ठरवलं. बुजवाबुजवी बंद. फाटकी भिंत सरळ कापून काढायची, त्याच लाकडाची पट्टी त्याच रेषांच्या दिशेनं चिकटवायची आणि खाच नव्यानं पाडायची. पण दुसरा साग ह्याच्याशी जुळेना. रंगच वेगळा.

किशनरावांकडं गेलो. त्यांच्याकडं त्या माळवदाचा एकच तुकडा उरलेला, आणि तो चतुराबाईंनी रांजणावर झाकण म्हणून ठेवलेला!

मी चाचरत विचारलं. चतुराबाईंनी पदरानं तुकडा पुसून हातात दिला. "न्या महाराज. पर मांजर पान्यात तोंड घालतंय. दुसरं झाकन उद्याच पायजे बगा."

किशनराव बाजेवरून म्हणाले, "गिटार म्हंजी ती पिच्चरमधली?"

"हो."

"आमचं माळवद त्यात वाजनार? आमच्या बापानं बांधलेलं?" आणि इतके हसले की ठसका लागला. पण ते हसणं सेलूच्या पाहुण्यासारखं नव्हतं. मला बरं वाटलं.

चंद्रभानकडून आधी झाकण करून घेतलं. मगच तुकड्याला करवत लावली.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

हे नीट लिहून ठेवायला पाहिजे.

सकाळी भिंत पटाशीनं सरळ केली. राऊटर नाहीच घेतला. कापलं, गुण्या लावून काटकोन तपासला, उजेडाला धरून बघितलं, पुन्हा कापलं. पट्टी तासून बसवली तर मधे कागदही जाईना. गम लावला. पट्टी दाबून धरायचे शिकंजे आवळायला घेतले — आणि एका शिकंज्याचा आटा सुटला! जुना, झिजलेला. पट्टी गमावर सरकायला लागली. एका हातानं धड धरलेलं, दुसऱ्यानं पट्टी, आणि शिकंजा पायाशी. ओरडलो, "आई!"

आई नळावर गेली होती. अण्णा आले. देवघरातून उठून, सोवळ्यात. दारात क्षणभर थांबले. ते सोवळ्यात असताना आई त्यांच्या जवळून जात नाही, इतकं कडक त्यांचं. मी म्हणणार होतो, राहू द्या. त्याआधी ते खाली बसले होते. दोन्ही तळव्यांनी पट्टी दाबून धरली.

"इकडं सरकतीय. आवळ तू. त्या बाजूनं. ओढ अजून."

मी दोरी घेतली, वेढे मारले, मधे काठी घालून पिळलं. गम बाहेर आला, त्यांच्या बोटांवर, सोवळ्यावर. ते हात काढीनात.

गम धरेपर्यंत तसेच बसलो, समोरासमोर, मधे ते धड.

मग त्या बसक्या आवाजात म्हणाले, "मला ह्याचा राग नाही. मुली गावाला नाही म्हणतात. आपल्या कामाला नाही म्हणतात. त्यात आणखी एक कारण मी आपल्या हातानं कशाला पुरवू?"

 सांगून टाकलं — परभणीला जाऊन तिला खरं सांगून आलो म्हणून. वाटलं, आता उठतील.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, अजून काही म्हणालेच नाहीये."

अण्णा जरा हसल्यासारखे झाले. मग हात काढले, उठले, आणि पुन्हा आंघोळीला गेले.

१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. पहाटेपासून रुद्राभिषेक. अण्णांचा आवाज दुसऱ्याच आवर्तनाला गेला. पुढचं सगळं मी म्हटलं. ते शेजारी बसून नुसते ओठ हलवत होते. गाभाऱ्यात गर्दी, दूध, बेलाचा खच. आणि माझ्या डोक्यात एकच — ह्यांना एकट्याला आता जमणार नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

फोन आला. दिनकररावांचा.

अण्णांनी स्पीकरवर लावला. "मुलगा आवडला. घरही चांगलं. पण गुरुजी, एकुलती एक मुलगी आहे. परभणीत वाढलेली. खेड्यात कसं व्हायचं? अवधूतराव परभणीत बिऱ्हाड करणार असतील तर पुढं बोलू. शहरातही पूजा असतातच की."

अण्णांनी फोनवर हात ठेवला. माझ्याकडं बघितलं. "तू जा. इथलं मी ओढीन."

ओढीन म्हणताना आवाज चिरकला. त्यांनाही ते कळलं. नजर काढून घेतली.

आई चौकटीला धरून उभी. मी फोन घेतला. म्हणालो, "काका, नाही जमणार. मला वालूरलाच राहायचंय."

तिकडून, "बरं. तसं मग." संपलं.

 आईनं चहा केला, तो कुणी घेतला नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

हो म्हणायला पाहिजे होतं का? सकाळपासून अंगणात येरझाऱ्या. अण्णांसाठी नाही म्हणालो, असं आई समजतीय. तेवढंच नाही. बारशाला मला बोलावतात, दिवस घालायला मलाच बोलावतात. रस्त्यात सायकल थांबवून मुहूर्त विचारतात. शहरात मी कोण?

पण तिला एकदा विचारायला पाहिजे होतं. तिच्या वडिलांना उत्तर दिलं मी. तिला नाही!

२१ फेब्रुवारी, शनिवार

खाच पाडली. सगळी पटाशीनं. फोन आईकडं देऊन बसलो. एकेक पापुद्रा काढायचा, मान बसवून बघायची, पुन्हा काढायचा. घाई करावीशी वाटली की उठून अंगणात चक्कर मारायची. खूप चकरा झाल्या!

दुपार कलल्यावर मान आत गेली. दाबून बसवावी लागली. उलटं करून धड हवेत धरलं — मान पडली नाही. स्क्रू न लावता!

जोड दिसतो. लाकूड तेच, रेषा तिकडच्या इकडं जुळतात, पण दिसतोच. आता घासणार नाही.

अण्णांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून जोडावरून बोट फिरवलं. "बसली," एवढंच म्हणाले.

२२ फेब्रुवारी, रविवार

सेलूहून तारा आणल्या. वायरी जोडल्या. आईच म्हणाली, "देवळातला भजनाचा स्पीकर आण की."

वाजली. खणखणीत! खालचा सूर तर पोटात उतरतो. शेजारची पोरं भिंतीवर चढून बसली. आई पोळ्या टाकून बघायला आली, पोळी करपली. अण्णा आतून म्हणाले, "जरा हळू," आणि लगेच, "थांबू नको, नुसतं हळू."

इतक्या दिवसांचं स्वप्न आणि मी दोन-चार सूर वाजवून उठलो. बसवेना. सांगायला जे माणूस पाहिजे होतं, ते परभणीत.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी दर्भ निवडत बसलो होतो. अनोळखी नंबर.

"वैदेही बोलतेय. बायोडाटावर नंबर होता. एक विचारायचं होतं. वालूरला मेडिकलची दुकानं किती आहेत?"

"एकच. तेही दुपारी बंद असतं."

 तिच्या मागं कुणीतरी औषधाचं नाव पुन्हा पुन्हा सांगत होतं.

"मग दुसरं चालेल का?"